माणसं बसली की मोटर थांबते

बेटावरून, अस्वान
१४ जानेवारी

बशरीमामांना नब्राचा सलाम.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. इद्रिस सांगत होता, मामांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही आणि फोनवर लिहिलेलं वाचायला गेले की चिडून फोनच पालथा ठेवतात. म्हणून कागद. अलेक्झांड्रियाच्या गाडीवर त्याची नोकरी आहे तोवर आपला पोस्टमन तोच. सोबत खजूर आणि सरबताला करकदेची लाल फुलं पाठवलीत.

आई गेली तेव्हा तुम्ही आलात, त्यानंतर आपलं बोलणं नाही. भाचीला काम पडलं तेव्हा मामा आठवला असं म्हणाल. म्हणा.

काम असं आहे. एका संस्थेनं आपल्या बेटाला होडीची मोटर दिली. विजेची. पेट्रोल नाही, धूर नाही, नावेच्या मागच्या टोकाला लटकवायची, बॅटरी नावेत, आणि बॅटरी भरायला छपरावर सोलरच्या पाट्या. पुरुषांनी चालवून बघितली आणि "हिला आवाजच नाही, ही कसली मोटर" म्हणून सोडून दिली. मी म्हटलं, मला द्या. सासऱ्यांची नाव किनाऱ्यावर पडूनच होती.

मुलींसाठी मागितली, मामा. कुबाराची डिझेलची बोट भरल्याशिवाय सुटत नाही. पलीकडे शाळा भरते आणि आमच्या मुली अजून इकडे दगडावर बसलेल्या. मुलगे पोहत जातील, काहीही करतील. मुलींचे बाप मात्र चार दिवस बघतात आणि म्हणतात, राहा घरीच. माझी समाहेर यंदा नववीत आहे, मेमध्ये तिची सरकारी परीक्षा. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली गेल्या वर्षीच घरी बसल्या.

पहिल्या दिवशी सगळा किनारा बघायला उभा. मधल्या पाण्यात मोटर बंद पडली. वरच्या धरणाचं पाणी सोडलेलं, नाव हळूहळू खालच्या जुन्या धरणाच्या भिंतीकडे सरकायला लागली. शेवटी कुबारानं दोर टाकून ओढून आणलं. दोर बांधताना म्हणाला, "नब्रा, ही मोटर नाही, खेळणं आहे. तुझ्या पोरीला दे." मी हसले. घरी येऊन काय केलं ते लिहीत नाही.

तुम्ही आयुष्यभर ट्रामच्या मोटरी दुरुस्त केल्यात. सांगा, काय करू?

तुमची नब्रा

•

अलेक्झांड्रिया
२५ जानेवारी

नब्रा,

खजूर पोचले. निम्मे इद्रिसनं वाटेत खाल्ले असावेत. पिशवीची गाठ आपल्याकडच्या बाईची नव्हती.

मी ट्रामचा माणूस आहे. ट्राम बंद पडली तर जागेवर उभी राहते, धरणाकडे वाहत जात नाही. होडीतलं मला काही कळत नाही. पण वीज सगळीकडे सारखीच वागते, म्हणून लिहितो.

"मोटर बंद पडली" हे मला सांगू नकोस. ते "पोट दुखतं" म्हणण्यासारखं झालं. बंद पडायच्या आधी काय झालं? वेग कमी होत गेला की एकदम थांबली? पूर्ण वेगात होती की हळू? मोटर वळवायच्या दांड्यावर छोटा पडदा असेल, त्यावर बॅटरीचा आकडा असेल. तो थांबण्याआधी किती, थांबल्यावर किती, आणि चहा पिऊन आल्यावर किती? विश्रांतीनंतर आकडा आपोआप वर चढत असेल तर बॅटरी चांगली आहे, वाट खराब आहे.

वाट म्हणजे जाड तारा. उथळ पाण्यात एकटीनं जा, दोरी बांधून. नाव खुंट्याला अडकव आणि मोटर पूर्ण वेगानं चालव. मग बंद कर, आणि बॅटरीपासून मोटरपर्यंत प्रत्येक जोडावर हात ठेवत जा. सगळे कोमट असतील. ज्या जोडावर हात ठेवता येणार नाही, तो चोर.

बांगड्या काढून जा. अंगठीसुद्धा. सोनं बॅटरीच्या दोन टोकांना एकदम लागलं तर बोट राहणार नाही.

बशरी

•

बेटावरून
६ फेब्रुवारी

बशरीमामा,

चोर सापडला! बोटाला फोड आलाय, म्हणून अक्षर वाकडं.

तुम्ही म्हणालात तसंच. पूर्ण वेग दिला की पडद्यावरचा आकडा विहिरीत बादली सोडावी तसा खाली जातो आणि मोटर मरते. पाच-सहा घोट जबना, आपली कॉफी, प्यायले, परत बघितलं तर आकडा वर. मग हात लावत गेले. काळ्या तारेच्या मध्यावर चिकटपट्टीचं गाठोडं होतं. बसवणाऱ्यांना तार कमी पडली असणार, त्यांनी दुसरी बारीक तार पिळून जोडली आणि वर पट्टी गुंडाळली. तिथं हात ठेवला आणि ओरडले. हज्जा घरातून धावत आली.

हज्जा म्हणजे माझी सासू, सित्तूना. तुम्हाला आठवत असेलच. तिनं बोटाला तीळतेल लावलं आणि गाठोड्याकडे बघून म्हणाली, "माझ्या केसांना पोरी याहून नीट गाठ मारायच्या."

गाठ सोडली, आतली तांब्याची तार हिरवी-काळी झालीय. आता ती कशी जोडू? इथं बाजारात दिव्याच्या तारा मिळतात, एवढी जाड नाही.

समाहेरचा बाप साबिर हुरघाड्याच्या नोकरीवरून फोनवर म्हणतो, इथं हॉटेलात बायका चादरी धुतात, तू काय मोटरी उघडत बसलीस. पण रागानं नाही म्हणाला.

नब्रा

•

अलेक्झांड्रिया
१७ फेब्रुवारी

नब्रा पोरी,

इद्रिसच्या हाती जाड तार देतोय, दोन्ही टोकांना तांब्याच्या टोप्या दाबून बसवलेल्या. मध्ये जोड नाही. जोड असलाच तर टोकाला असावा, जिथं डोळा जातो.

या टोप्या दाबायचं यंत्र माझ्याकडे नाही, म्हणून जुन्या वर्कशॉपला गेलो होतो. दारावरचा नवा माणूस आत सोडेना. मी म्हटलं, "अरे, या दाराचं कुलूप मी बदललंय." तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, म्हणून मी आत गेलो. आत तरुण पोरं होती. कुणी ओळखलं नाही. पण एक मोटर उघडून बसली होती आणि तिच्याभोवती डोकं खाजवत होती. तिच्या कार्बनच्या कांड्या उलट्या बसवलेल्या दिसल्या. मग चहा आला. मग दुसरा आला. घरी यायला संध्याकाळ झाली. पुष्कळ दिवसांनी पाय दुखले, बरं वाटलं.

समुद्र सध्या वेडा झालाय, लाटा रस्त्यावर येतात. खिडक्यांना कागद लावून बसतो.

तर. आधी बॅटरीची कळ बंद. मग जुनी तार काढ, नवी घाल, नट गच्च आवळ, आणि प्रत्येक जोडावर व्हॅसलीनचा बारीक थर दे, पाणी शिरणार नाही. आणि एक ऐक: पूर्ण वेगाचा हव्यास नको. अर्ध्या वेगाला बॅटरी निम्मी लागत नाही, त्याहून कितीतरी कमी लागते. पाण्याला ढकलण्यात घाई केलीस तर पाणी दुप्पट ढकलून परत देतं.

कळव.

बशरीमामा

•

बेटावरून
३ मार्च

बशरीमामा,

तार घातली. मी एकटी पलीकडे जाऊन आले, परत गेले, परत आले. काय चालते मामा! आवाज नाही, नुसतं पाणी बाजूला होतं. बगळे उडत नाहीत. मी गाणं म्हणत आले.

हे पहिलं. आता दुसरं.

मुली बसल्या की ती थांबते.

मी खोटं सांगत नाही. एकटी गेले तर कधीच नाही. मुली आणि हज्जा बसल्या, नाव किनाऱ्यापासून सुटली, आणि मध्येच थप्प. तीनदा झालं. थांबली की मुली किंचाळतात, सगळ्या उठून उभ्या राहतात, नाव डोलते, हज्जा उभी राहून कुबाराला हाका मारते. तोवर मी कळ फिरवून बघते तर मोटर चालू! जणू काही झालंच नाही. मग कुबारा येतो आणि त्याला चालू मोटर दिसते आणि रडणाऱ्या मुली दिसतात. परवा म्हणाला, "मोटर ठीक आहे. चालवणारीचा हात थरथरतो." सगळ्या धक्क्यावर तेच बोललं जातंय.

मलाही तसंच वाटायला लागलंय. खरंच माझ्या हातात काही आहे का? एकटी असते तेव्हा भीती नसते, मुली असल्या की असते.

काल दोघा बापांनी आपल्या मुली काढून घेतल्या. समाहेर पुस्तक घेऊन दगडावर बसते. बेटाची पंचमंडळी म्हणतात, महिनाअखेर बघू, नाहीतर मोटर परत देऊ.

रागावू नका. मी तुमचं सगळं केलं.

नब्रा

•

अलेक्झांड्रिया
१२ मार्च

नब्रा,

हात थरथरल्यानं मोटर बंद पडत नाही. माझे हात वर्षभर थरथरताहेत, मी काल ट्रामची मोटर जोडून आलो. हे डोक्यातून काढ.

माणसं बसली म्हणजे वजन वाढलं. वजन वाढलं म्हणजे मोटर जास्त वीज ओढते, तापते, आणि स्वतःला वाचवायला थांबते. माझा तरी हाच अंदाज. खात्री करायला माणसांऐवजी वाळूची पोती भर, तितक्याच वजनाची, आणि चालव. पोती किंचाळत नाहीत, त्यामुळे नीट बघता येईल.

दुसरं एक लिहितो, वाईट वाटलं तर वाटू दे. तुझी सासू प्रत्येक खेपेला नावेत का असते? तुझ्या लग्नात तिनं मला सगळ्यांसमोर म्हटलं होतं की शहरात राहून हा माणूस जेवायचं विसरलाय, भाकरी चमच्यानं खाईल. मी विसरलेलो नाही. अशी बाई सुनेचं चांगलं बघते असं मला वाटत नाही. कदाचित तीच मुलींना घाबरवत असेल. तिला घरी ठेवून बघ. मोटर आपोआप सुधारेल.

बशरीमामा

•

बेटावरून
२२ मार्च

बशरीमामा,

पोत्यांचं आधी. भरली, चालवली, पूर्ण वेगानं, अर्ध्या वेगानं, वाऱ्यावर, वाऱ्याविरुद्ध. थांबली नाही. तुमचा अंदाज चुकला. मोटर गरमही नव्हती. आणि एक मागच्या वेळी लिहायचं राहिलं: आता थांबते तेव्हा आकडा खाली जात नाही. पडदाच एकदम कोरा होतो. दिवा फुंकावा तसा.

आता दुसरं. तुमचं पत्र मी समाहेरला वाचायला दिलं नाही, लपवून ठेवलं. लाज वाटली.

पहिल्या दिवशी ओढून आणलं तेव्हा सगळा किनारा हसला. म्हणून तुमची तार घातल्यावरही माझ्या नावेत बसायला कुणी आलं नाही. हज्जा आली. गुडघे धरत आली, एवढ्या मोठ्या देहाची बाई, पाण्याला भिते, पोहता येत नाही. माझ्या शेजारी, बॅटरीच्या पेटीवर जी रुंद फळी आहे तिच्यावर बसली आणि किनाऱ्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "मी चालले बाजारात. मला काही होत नाही हे ज्यांना बघायचंय त्यांनी बघा." तेव्हापासून रोज त्याच फळीवर बसते. तिच्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. पोती भरली तेव्हा मीसुद्धा ती जागा मोकळी सोडली. सासूच्या जागेवर पोतं ठेवणं बरं दिसेना. मुलींचे बाप अजून मुली पाठवतात ते माझ्यावर विश्वास म्हणून नाही, हज्जा बसते म्हणून.

तिला घरी ठेवून बघ म्हणता!

आणखी एक. इद्रिसनं सांगितलं, तुमच्या घरात खोकी बांधून ठेवलीत. तुमचा मुलगा हानी तुम्हाला त्याच्याकडे कुवेतला घेऊन जातोय आणि भांडीकुंडी वाटून झालीत. इतकी पत्रं लिहिलीत, तार, टोप्या, व्हॅसलीन, समुद्राच्या लाटा, सगळं लिहिलंत. हे नाही लिहिलंत. मी कुणी परकी आहे का?

नब्रा

•

अलेक्झांड्रिया
३० मार्च

नब्रा,

हज्जाबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. माफ कर. चमच्याचा राग आता इथं संपला.

पण पोरी, तू पत्राच्या मध्यावर एक वाक्य लिहिलंस आणि पुढे भांडत गेलीस. मी ते वाचून खुर्चीतून उठलो. ती बॅटरीच्या पेटीवरच्या फळीवर बसते!

दांड्यावरून, जिथं तू वेग वाढवतेस तिथून, एक बारीक केबल बॅटरीकडे जाते का बघ. जाड तारांशिवाय वेगळी. ट्राममध्ये तसलं काही नसतं म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. त्या बारीक केबलमधून ताकद जात नाही, निरोप जातो: चाल, थांब, हळू. तो निरोप तुटला की पडदा कोरा होतो आणि मोटर थांबते. ही केबल फळीखालून जात असेल. हज्जा बसली की फळी वाकते, केबल पेटीच्या कडेवर दाबली जाते, आतली एखादी तार तुटलेली असेल ती सुटते. सगळ्या उठून उभ्या राहिल्या की फळी सरळ होते, तार परत टेकते, आणि मोटर चालू. तू एकटी असतेस तेव्हा फळीवर कुणी नाही. पोती होती तेव्हा तू ती जागा सोडलीस.

उथळ पाण्यात त्या फळीवर पोतं ठेवून बघ.

आणि तसंच निघालं तर हे नीट ऐक: बाई हलवू नकोस, तार हलव. सगळ्या बेटाला दिसेल अशा जागी ती बसलीय ती शोभेसाठी नाही. तिला उठवलंस तर मोटर चालेल आणि नाव रिकामी राहील.

कुवेतचं. हो, जायचंय. मे संपता संपता. हानी म्हणतो, बाबा, एकटे किती दिवस राहणार. बरोबर आहे त्याचं. तिथं त्याच्याकडे गार हवेची खोली आहे. मागच्या वर्षी राहून आलो. सगळे माझ्याशी हळू आणि गोड बोलतात, मला काही ऐकू येत नाही, मी मान हलवतो. दिवसभर मान हलवतो. लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर तू मोटरबद्दल विचारायचं बंद केलं असतंस.

बशरीमामा

•

बेटावरून
९ एप्रिल

बशरी,

मी सित्तूना. लिहून घेतेय माझी नात समाहेर, तिला सांगितलंय एक अक्षर गाळायचं नाही.

परवा दुपारी मी घरातून बाहेर आले तर माझ्या जागेवर पोतं बसलेलं. माझी सून नावेत, पोतं फळीवर, आणि मोटर बंद. तिनं पोतं उचललं, मोटर चालू. ठेवलं, बंद. मी किनाऱ्यावरून हाक मारली, "नब्रा, काय चाललंय?" म्हणते, "काही नाही हज्जा, पीठ वाळवतेय." सिमेंटच्या पोत्यात पीठ!

मग मी तुझी पत्रं काढायला लावली. सगळी वाचून घेतली. पोरींना घाबरवणारी सासू कोण ते कळलं. चमच्याचं मी म्हटलं होतं आणि परत म्हणेन, तू त्या दिवशी खरंच चमचा मागितला होतास. पण "बाई हलवू नकोस, तार हलव" हे वाचलं तेव्हा समाहेरला म्हटलं, हे परत वाच. बाकीची पत्रं कशीही असोत.

म्हणजे इतके दिवस पोरींना मी बुडवत होते आणि नाव माझ्या सुनेचं खराब होत होतं. ऐकून मला जेवण गेलं नाही. आता गेलं, काळजी नको.

तुझी ती बारीक केबल नब्रानं काढलीय, पाठवतेय. बघ, एका जागी चपटी झालीय. ही संस्था म्हणते नवी यायला उन्हाळा संपेल. परीक्षा मेमध्ये आहे. पंचांना मी सांगितलंय, महिनाअखेर-बिहिनाअखेर काही नाही, मोटर आजारी आहे आणि औषध अलेक्झांड्रियाला गेलंय.

वेळेत पाठव. आणि जेवत जा. इद्रिस म्हणतो, अंगावरचा कोट लोंबतोय.

सित्तूना

(मामाआजोबा, मी एक अक्षर गाळलं नाही. आजी रडली होती हे तिनं लिहू दिलं नाही. समाहेर)

•

अलेक्झांड्रिया
२० एप्रिल

हज्जा सित्तूना आणि नब्रा,

केबल सोबत आहे. चपट्या जागी कापून उघडली. आत केसासारख्या पाच तारा, त्यातल्या दोन तुटलेल्या. जोडायला कथलाचा डाग देताना हात थरथरायला लागले, म्हणून वर्कशॉपला नेली. तिथल्या पोरानं, ज्यानं कांड्या उलट्या घातल्या होत्या त्यानं, माझ्या डोळ्यांदेखत डाग दिला. मी नुसता बोट दाखवत होतो. सुंदर काम केलं. वरून दोन नळ्या चढवल्यात, पाणी शिरणार नाही.

ही फळीखालून न्यायची नाही. नावेच्या कडेनं, आतून, पाण्याच्या प्लास्टिक नळीला उभी चीर देऊन तिच्यात घालून न्या. वळणावर ताणू नका, बोटभर सैल सोडा. आणि फळीखाली दोन लाकडी ठोकळे मारा, म्हणजे हज्जांनी नाचायचं ठरवलं तरी ती वाकणार नाही.

मग त्यांना बसवून, मुलींना बसवून, किनाऱ्याजवळच चकरा मारा. सगळ्या बेटाला बघू दे.

जेवतो मी.

बशरी

•

बेटावरून
१९ मे

बशरीमामा,

काल परीक्षा सुरू झाली. आता बसून लिहितेय, हात अजून दुखताहेत पण आनंदानं.

तुमची केबल बसली त्या दिवसापासून मोटर एकदाही थांबली नव्हती. काढून घेतलेल्या मुली परत आल्या होत्या. पण काल पहाटे खमसीनचा रेतीचा वारा सुटला. आकाश पिवळं, पलीकडचा काठ दिसेना, दातांत रेती. कुबारानं बोट काढायला नकार दिला. म्हणाला, दुपारी पडेल वारा, मग बघू. दुपारी परीक्षा संपलेली असते!

मुलींचे बाप धक्क्यावर उभे. कुणी जा म्हणेना, कुणी नको म्हणेना. हज्जा आली, गुडघे धरून, आणि आपल्या फळीवर बसली. मग समाहेर बसली. मग एकेक करून सगळ्या.

वारा डाव्या अंगावर. मी पूर्ण वेग दिला तर नाव उड्या मारायला लागली आणि आकडा भराभरा उतरायला लागला. काठ तर अजून दिसतही नव्हता. मुली म्हणताहेत, मावशी, उशीर होईल, जोरात! मला तुमचं पत्र आठवलं, आणि मामा, जिवावर आलं पण मी वेग अर्धा केला. एक मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रड, पण बसून रड." नावेचं तोंड थोडं वाऱ्याकडे वळवलं आणि तशीच धरून ठेवली. आकडा थांबला. मग हळूहळू, मुंगीच्या पावलानं, पलीकडचे खडक दिसायला लागले.

शाळेच्या दारात पोचलो तर शिपाई फाटक लावत होता. वेळ झाली म्हणाला. हज्जा आमच्या पुढे होती. ती फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "लाव बाबा. लाव तू." त्यानं ढकलून बघितलं. फाटक अर्ध्यावर थांबलं. तिच्या बगलेखालून सगळ्या मुली आत पळाल्या. शिपाई म्हणाला, "हज्जा, आता तरी सरका." ती म्हणाली, "थांब, दम खाते."

परत येताना वारा पडला होता. कुबारा धक्क्यावर होता. मी त्याच्याकडे न बघता नाव बांधली. आज सकाळी दुसऱ्या पेपरला निघालो तर त्याची धाकटी दप्तर घेऊन आमच्या नावेपाशी उभी. मला वाटलं निरोप द्यायला आली असेल. म्हणाली, "बाबा म्हणाले, यांच्या नावेतून जा." आणि हज्जाच्या पायाशी बसली.

मोटर परत द्यायचं पंचमंडळींनी सोडून दिलंय. शाळेची फेरी आता आमचीच.

तुम्ही महिनाअखेर जाणार. जायच्या आधी इथं येता का असं विचारायचं धाडस होत नव्हतं. हज्जा म्हणाली, विचार. आईची खोली रिकामी आहे. छपराला तडा आहे, पण खिडकी पाण्यावर आहे.

नब्रा

•

अलेक्झांड्रिया
२६ मे

नब्रा पोरी,

तुझं पत्र इद्रिसनं दिलं तेव्हा मी दारातच वाचलं. वाचत वाचत फाटकापर्यंत आलो तेव्हा इतका मोठ्यानं हसलो म्हणे, की वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. मला माझं हसणं ऐकू आलं नाही. पण पोटाला कळलं.

संध्याकाळी वर्कशॉपमधून हानीला फोन केला. म्हटलं, बेटा, मी कुवेतला येत नाही. खोकी सोडतोय आणि त्यातलं हत्यारांचं खोकं घेऊन बेटावर जातोय. तुझ्या आत्याची खोली आहे तिथं. माझी एक भाची आहे, ती मला रोज काहीतरी विचारते आणि मला उत्तर शोधावं लागतं. तू गोड आहेस, पण तू मला काही विचारत नाहीस. तो पुष्कळ वेळ बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, त्यामुळे वाद झाला नाही. शेवटी फोन वर्कशॉपमधल्या पोराच्या हातात दिला, त्यानं मला कागदावर लिहून दाखवलं: "तुमचा मुलगा रडतोय, पण म्हणतो आधी छपराची दुरुस्ती करून घ्या, हिवाळ्यात मी बघायला येईन."

गुरुवारी पोचतो. इद्रिसच्याच गाडीनं. धक्क्यावरून मला नेतानाही हज्जांची जागा हज्जांचीच, मी पुढे बसेन.

किनारा सुटला की पूर्ण वेग दे, एकदाच, थोडा वेळ. आवाज तर तुमच्या त्या मोटरला नाहीच, आणि असता तरी मला काय. मी जोडे काढून तळपाय नावेच्या लाकडावर ठेवीन. ट्रामसुद्धा मी अशीच ओळखायचो, कुठली बरी आहे आणि कुठलीचं काय दुखतंय.

मला सांगू नकोस कशी चालते. मला ठेवू दे पाय.

बशरीमामा